न्हावा, शेवा आणि घारापुरी : बेटांच्या नावांची कहाणी

आपल्या आयात-निर्यातीच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ हे नाव नित्य दिसते. ते एखाद्या गोदीचे नाव असावे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील दोन वेगळी गावे. पूर्वी खाड्या व खाजणांनी मुख्य भूमीपासून विलग झालेली बेटे.

समोरच्या घारापुरीच्या वाट्यालाही दोन नावे आली. किनाऱ्याजवळचा पाषाणाचा हत्ती पाहून पोर्तुगीजांनी तिला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती १८६४ मध्ये मुंबईला हलविला गेला. आज तो भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. बेटावर हत्ती उरला नाही, तरी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत लेण्यांची नोंद ‘एलिफंटा’ अशीच झाली. शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर येथील ग्रामस्थांच्या तोंडी मात्र घारापुरीच आहे. शेजारचे ‘बुचर’ बेट आता जवाहर द्वीप म्हणून ओळखले जाते. तेथे तेलवाहू जहाजे लागतात.

१९८९ मध्ये शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. बँकेच्या परकीय विनिमय विभागात असताना मला या दोन नावांचा चांगलाच अनुभव आला. एका निर्यातदाराच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बंदराचे नवे नाव होते, तर बिल ऑफ लेडिंगवर ‘न्हावा शेवा’. बंदर एकच; तरीही परदेशी बँकेने तफावत दाखवून रक्कम अडवली. ती जमा होईपर्यंत तीन आठवडे गेले आणि व्याजाचा भुर्दंड त्या गृहस्थांना सोसावा लागला. म्हणून दोन्ही कागदांवर बंदराचे नाव अक्षरशः एकच आहे, याची खात्री माल रवाना होण्यापूर्वीच करून घ्यावी.

याच बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातील कुटुंबांना आपले गाव सोडावे लागले. उरणजवळच्या त्यांच्या नव्या वसाहतीचे नाव हनुमान कोळीवाडा. ज्यांचे गाव गेले, त्यांच्या गावाचे नाव आज जगभरच्या कंटेनरांच्या कागदांवर फिरते आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या, सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूच्या पूर्ण नावातही ‘शिवडी-न्हावा शेवा’ आहे. त्यावरून नवी मुंबईकडे येताना उजव्या हाताला घारापुरीचे डोंगर दिसतात. मुलाबाळांना ते दाखवावे, आणि पुढे लागणारी न्हावा व शेवा ही माणसांची गावे आहेत, हेही आवर्जून सांगावे.