पहिल्या हुकुमाची तपासणी

संगणक सुरू होताना केवळ विश्वासार्ह सही असलेलेच प्रोग्राम चालू देणाऱ्या ‘सिक्युअर बूट’ या व्यवस्थेसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून क्रमाक्रमाने संपत असल्यामुळे, त्यानंतर आपला संगणक बंद पडेल की काय, अशी धास्ती अनेकांनी घेतली आहे. ती निराधार आहे. यंत्रे चालू राहतील, मात्र नवी प्रमाणपत्रे न मिळालेल्या यंत्रांचे आरंभकाळातील संरक्षण पुढे अद्ययावत राहणार नाही. परंतु कळ दाबताच सर्वांआधी ज्याचा अंमल सुरू होतो, त्या फर्मवेअरचे, म्हणजे यंत्रातच साठवलेल्या आरंभीच्या प्रोग्रामचे, दप्तर तपासण्याचा अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न या निमित्ताने ऐरणीवर आला, हे मला अत्यंत इष्ट वाटते.

नुसत्या शिक्क्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे जुलै २०२४ मध्ये ‘पीकेफेल’ प्रकरणाने दाखवून दिले. बायनार्ली या कंपनीच्या संशोधकांना नामांकित उत्पादकांच्या शेकडो मॉडेलांत, सिक्युअर बूटच्या सर्वोच्च किल्लीच्या जागी, केवळ चाचणीसाठी घडवलेली किल्ली तशीच राहिलेली आढळली. तिच्या प्रमाणपत्रावर ‘डू नॉट ट्रस्ट’, अर्थात विश्वास ठेवू नये, असे स्वच्छ लिहिलेले होते. शिवाय अशा एका किल्लीचा गुप्त भाग इंटरनेटवर उघडाही पडला होता. कारखान्यापासून ग्राहकाच्या मेजापर्यंतच्या प्रवासात ती ओळ कोणी वाचली नाही, कारण ती वाचण्याची रीतच या व्यवसायात रुजलेली नाही.

ही रीत पालटण्याचा ध्यास घेणाऱ्यांत रॉन मिनिच यांचे नाव अग्रगण्य आहे. १९९९ साली लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत असंख्य संगणक एकत्र जोडून काम करून घेताना, प्रत्येक यंत्रासमोर कीबोर्ड घेऊन माणूस बसलेला आहे असे गृहीत धरणारा बायोस, म्हणजे तेव्हाचे प्रचलित फर्मवेअर, त्यांना असह्य झाला आणि त्यातून ‘लिनक्सबायोस’ या मुक्त, म्हणजे खुल्या स्रोताच्या, फर्मवेअरचा जन्म झाला; त्यालाच २००८ पासून ‘कोअरबूट’ म्हणतात. हे काम किती बिकट होते, याची कल्पना एका तपशिलावरून येईल. यंत्र जागे होते त्या क्षणी मुख्य स्मृती, म्हणजे रॅम, वापरण्याजोगी नसते. तिला कार्यक्षम करणारा प्रोग्रामच तिच्याविना चालवावा लागतो. म्हणून एरिक बीडरमन यांनी ‘रॉमसीसी’ नावाचा, केवळ प्रोसेसरच्या रजिस्टरांवर निर्वाह करणारा कंपायलर सिद्ध केला. पुढे प्रोसेसरच्या कॅशेलाच तात्पुरती रॅम मानण्याची युक्ती रूढ झाली. आज क्रोमबुकांत कोअरबूटच नांदत आहे.

तथापि, विजय अपुरा आहे. इंटेलच्या आधुनिक प्रोसेसरांवर स्मृती सज्ज करण्याचे काम अद्याप बंदिस्त बायनरीकडे आहे, आणि मॅनेजमेंट इंजिन हा स्वतंत्र कारभारी मुख्य प्रोसेसरच्या नजरेआड राबत असतो. प्रोसेसर सज्ज करणारा फर्मवेअरचा भाग खुल्या स्रोताने देण्याचा, एएमडीने २०२३ मध्ये जाहीर केलेला ओपनसिल प्रकल्प म्हणूनच आशादायक आहे.

मुक्त प्रणाली निर्दोष असते, असे कोणीही म्हणू नये. पण तिच्यातील दोष परक्यालाही शोधता येतो, आणि उत्पादकाने हात झटकल्यावरही तो दुरुस्त करता येतो. सार्वजनिक पैशातून संगणक खरेदी करणाऱ्या प्रत्येक खात्याने, फर्मवेअरचा मूळ स्रोत तपासणीस खुला असावा, ही अट करारनाम्यात घातलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.