गुडघ्यातली गादी पुन्हा उगवेल का?

जिना चढताना वयस्कर माणसांना धाप लागते, हे तुम्ही पाहिलेच असेल. पण पुष्कळ आजी-आजोबांची खरी तक्रार असते ती जिना उतरतानाची. कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत ते खाली येतात. विचारले तर म्हणतात, "गुडघ्यातली गादी झिजली!" या दुखण्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ते होते आणि त्यांतील ३६ कोटी ५० लाख लोकांचे दुखणे गुडघ्याचे होते.

अलीकडे वर्तमानपत्रांत जाहिराती येतात : 'मूलपेशींचे इंजेक्शन घ्या, गुडघा पूर्ववत करा.' यात खरे किती? ते ठरविण्यापूर्वी ही गादी म्हणजे काय, ते पाहू.

तुमच्या घरी मटण शिजत असेल, तर नळीचे टोक शिजण्यापूर्वी नीट न्याहाळा. हाडाच्या टोकावर निळसर पांढरे, गुळगुळीत, चकचकीत आवरण दिसेल. हीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात तिची जाडी साधारणपणे २ ते ४ मिलिमीटर असते. एवढ्याशा थरावर भार किती पडतो, ठाऊक आहे? ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ५९० न्यूटन. परंतु तो सपाट रस्त्यावर चालू लागला, की गुडघ्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट बल पडते. जिन्यावर ते आणखी वाढते.

शरीराच्या वजनापेक्षा जास्त बल आले कोठून? याचे उत्तर तरफेच्या धड्यात आहे. मांडीचा स्नायू वाटीमार्फत नडगीच्या हाडाला जेथे ओढतो, ती जागा सांध्याच्या अगदी जवळ आहे. बलाची भुजा आखूड, म्हणून तोल सांभाळण्यास बल मोठे लागते. स्नायू जितका जोराने ओढतो, तितकी दोन्ही हाडे एकमेकांवर दाबली जातात. उतरताना शरीर आवरून धरण्याचे काम हाच स्नायू करतो, म्हणून गुडघा तेव्हा अधिक कुरकुरतो.

एवढा भार असूनही निरोगी सांध्याचा घर्षणांक ०.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. कोरड्या पोलादावर पोलाद घासले, तर तो सुमारे ०.६ असतो. कूर्चेला हे साधते ते पाण्यामुळे. तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाणीच असतो. कोलॅजेन नावाच्या चिवट तंतूंच्या जाळ्यात ऋण विद्युतभार असलेले मोठे रेणू अडकवलेले असतात. हे रेणू पाणी ओढून घेतात आणि जाळे त्यांना फुगू देत नाही. ओला स्पंज दाबला, की पाणी चटकन बाहेर येते. कूर्चेची छिद्रे मात्र इतकी सूक्ष्म, की दाब पडला तरी पाण्याला लगेच बाहेर पडता येत नाही. त्यामुळे भाराचा मोठा वाटा आत कोंडलेले पाणीच पेलते!

मग अशी नामी वस्तू बिघडते का? आणि बिघडली तर कातडीवरच्या जखमेसारखी भरून का येत नाही? कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. दुरुस्तीचे साहित्य आणि कामगार पेशी रक्तातून येतात. येथे तो रस्ताच नाही. कूर्चेच्या स्वतःच्या पेशी थोड्या, एकमेकींपासून दूर आणि आपापल्या कोठडीत बंदिस्त. शिवाय तिच्यात मज्जातंतू नाहीत, म्हणून झीज सुरू झाल्याची वर्दीही मिळत नाही. वेदना जाणवते ती खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर यांना त्रास होऊ लागला म्हणजे. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे लंडनमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवले होते.

या जुन्या निकालाला पहिला ठळक धक्का स्वीडनमध्ये बसला. गॉथेनबर्ग येथील डॉक्टरांनी रुग्णाच्याच गुडघ्यातील निरोगी कूर्चेचा छोटा तुकडा काढला, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या आणि खड्डा पडलेल्या जागी भरल्या. २३ रुग्णांवरील हा प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः तरुणांच्या दुखापतीसाठी होता. म्हातारपणच्या दुखण्यात एकच खड्डा नसतो. कूर्चा, हाड, अस्तर अशा सगळ्याच सांध्यात बिघाड असतो.

येथे मूलपेशींची आठवण झाली. मूलपेशी म्हणजे जिचे काम अजून ठरलेले नाही अशी पेशी. ती स्वतःसारख्या पेशी निर्माण करते आणि प्रसंगी विशिष्ट कामाची पेशीही बनते. अस्थिमज्जेत अशा काही पेशी असतात. योग्य रसायने दिली, तर प्रयोगशाळेतील बशीत त्यांच्यापासून हाड, चरबी किंवा कूर्चा यांच्या पेशी तयार होतात. अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ साली त्यांना मूलपेशी हे नाव रूढ केले. आता कोणालाही वाटेल, की या पेशी गुडघ्यात टोचल्या म्हणजे काम झाले!

पण बशी आणि गुडघा यांत फार अंतर आहे. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक फार काळ टिकत नाहीत आणि त्यांची नवी कूर्चा बनते, असे दिसत नाही. त्या काही रासायनिक संदेश सोडतात आणि त्यामुळे सांध्याचा दाह कमी होत असावा. म्हणूनच २०१७ साली खुद्द कॅप्लन यांनीच या पेशींचे नाव बदलावे, असे सुचविले. गवंडी म्हणून बोलाविलेला माणूस निरोप्या निघाला, असेच म्हणा ना!

निरोप्याचाही उपयोग असतो. तो किती, हे मोजावे लागते. गुडघ्याचे दुखणे आपोआप कमी-जास्त होते आणि नुसत्या खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन घेऊनही पुष्कळांना बरे वाटते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवाच. अमेरिकेत सुमारे ४७५ रुग्णांवर अशी तुलना झाली. काहींना अस्थिमज्जेतील, काहींना चरबीतील, काहींना नाळेतील पेशी दिल्या. बाकीच्यांना नेहमीचे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. २०२३ साली निकाल आला : वर्षानंतर कोणतीही पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. २०२५ साली २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वेदनेत थोडासा फरक आढळला, पण त्या पुराव्याची खात्री कमी असल्याचेही नमूद केले आहे.

भारतातही काम चालू आहे. बंगळूरच्या एका कंपनीने निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेल्या 'स्टेम्प्यूसेल' या औषधाला २०२२ साली आपल्या औषध नियंत्रकांनी गुडघ्याच्या मध्यम दुखण्यासाठी परवानगी दिली. दक्षिण कोरियात नाळेच्या रक्तातील पेशींचे एक औषध २०१२ पासून मान्य आहे. जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशीला मागे नेऊन मूलपेशीसारखी बनविले आणि २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्या वाटेने क्योटो येथील शास्त्रज्ञ आता प्रयोगशाळेत कूर्चेचा तयार तुकडाच बनवीत आहेत. नुसत्या पेशी टोचण्यापेक्षा ही कल्पना निराळी आहे.

तेव्हा घरात कोणी जाहिरात दाखविली, तर तुम्ही तीन प्रश्न विचारा. हे औषध याच दुखण्यासाठी मान्य झाले आहे का? त्याची तुलना कशाशी केली? आणि कमी काय झाले, वेदना की झीज? 'वेदना कमी झाली' आणि 'कूर्चा उगवली' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्यासाठी चालत नाही. घरातील साठविलेला पैसा मोडण्यापूर्वी हे विचारणे फार गरजेचे आहे.

आणि तोवर काय करावे? आपली तरफ येथेही उपयोगी पडते. वजन १ किलोग्रॅमने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोग्रॅमने घटतो, असे मोजमापांतून दिसले आहे. मांडीचे स्नायू बळकट असतील, तर सांध्याला आधार मिळतो. चालण्याने कूर्चा दाबली-सोडली जाते आणि संधिद्रवातील पोषण तिच्या पेशींपर्यंत पोहोचते. म्हणून आजींना "बसून राहा" असे म्हणू नका. डॉक्टरांना विचारून, झेपेल तितके, त्यांच्याबरोबर रोज थोडे चाला.