एका हाताने पोळी तोडताना

आज जेवताना स्वतःच्या उजव्या हाताकडे बघा. एक बोट पोळी ताटाला दाबून धरतं, बाकीची तुकडा ओढून तोडतात, डावा हात मांडीवर स्वस्थ. हे आपण कधी शिकलो, कोणालाच आठवत नाही. पण नऊ वर्षांचं एखादं पोर दोन्ही हातांनी पोळी ओढतं, वाटी लवंडवतं, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावतं आणि घरात त्याचं नाव पडतं ‘धांदरट’.

शाळकरी मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्के मुलांना ही अडचण असते. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघांना. तिला विकासात्मक समन्वय विकार किंवा डीसीडी म्हणतात. डिस्प्रॅक्सिया हा शब्दही कानावर येतो. बुद्धी शाबूत असते, आळस तर नसतोच. भरलेला समजून रिकामा तांब्या उचलला की हात कसा झटक्यात वर जातो? हालचालीआधी मेंदू तिचा अंदाज बांधतो आणि चूक झाली की पुढच्या वेळी सुधारतो. या मुलांत हे अंदाज नीट बसत नाहीत, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

मग चेंडू पिळून बोटं बळकट करायची का? आताचा भर त्यावर नाही. जे काम अडतं, त्याच कामाचा सराव करायचा. कॅनडात हेलेन पोलाताइको आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मूल चार पायऱ्या शिकतं : काय करायचंय, कसं करायचं, करून बघ, जमलं का ते तपास. ‘कसं’ हे मोठ्यांनी सांगायचं नाही, मुलानेच शोधायचं. बटणांचंच घ्या. “कुठे अडतं रे?” असं विचारलं तर मूल म्हणेल, “वरचं बटण दिसतच नाही.” मग खालून सुरुवात करायची युक्ती त्यालाच सुचते. खालचं बटण डोळ्यांसमोर असतं, शिवाय घर चुकत नाही. अर्थात हे रविवारी. दारात रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असताना “दे इकडे, मी लावते” हेच तोंडून निघणार.

बुटाची नाडी मात्र शेवटाकडून शिकवून बघा. सगळं तुम्ही बांधा, फक्त शेवटचा ओढा त्याचा. तो जमला की त्याच्या आधीची पायरी. दर वेळी गाठ त्याच्याच हातून पुरी होते. तरीही नाही जमलं तर वेल्क्रोचे बूट आणावेत, त्यात कसली लाज? ‘हॅरी पॉटर’ साकारणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने २००८ मध्ये आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं सांगितलं, तेव्हाही नाडी बांधताना त्याची पंचाईत होत होती.

वयाच्या पाच वर्षांआधी सहसा हे निदान करत नाहीत. बालरोगतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना दाखवावं. आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा थांबू नये.

पोळी तोडायचा सराव रात्रीच्या जेवणात, घाई नसताना. शाळेच्या डब्यात सरळ गुंडाळी द्या. मधली सुट्टी संपायच्या आत त्यालाही मैदानावर जायचं असतं.