डी वर्गातला पिचर

६ जून १९४४. जो पिंडरचा बत्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर, कमरेएवढ्या पाण्यात, तो एक जड वायरलेस सेट घेऊन वाळूकडे चालला होता आणि समोरच्या टेकाडांवरून जर्मन मशीनगन धडधडत होत्या.

तीनच वर्षांपूर्वी याच माणसाचं काम निराळं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या मॅकीज रॉक्समध्ये जन्मलेला पिंडर हा बेसबॉलमधला पिचर. क्रिकेटच्या भाषेत गोलंदाजच, फक्त धावत न येता जागेवरून चेंडू फेकणारा. अमेरिकेत मोठ्या लीगखाली मायनर लीगची अख्खी उतरंड असे आणि तिच्या तळाशी डी वर्ग. सॅनफर्ड हे फ्लोरिडातलं सेलरीच्या शेतांसाठी ओळखलं जाणारं गाव, तसंच फोर्ट पिअर्स, अशा ठिकाणच्या संघांत तो खेळला. लांबलचक बसप्रवास, तुटपुंजा पगार आणि वरून कुणी तरी बोलावेल ही आशा. या वर्गात बहुतेक विशीच्या आसपासची पोरं असत. पिंडर १९४१ साली एकोणतीस वर्षांचा झाला, तरी तिथेच होता. बोलावणं आलं ते जानेवारी १९४२ मध्ये, सैन्याचं.

त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉल चालू राहावा असं पत्र लिहिलं. लढण्याजोग्या वयाच्या खेळाडूंनी मात्र सैन्यात जावं, हेही त्यातच होतं. मोठी लीग चालू राहिली. छोट्या लीग मात्र खेळाडूंअभावी एकामागोमाग बंद पडल्या: १९४१ मध्ये चाळीसच्या घरात होत्या, १९४३ मध्ये दहाच्या आसपास उरल्या.

जो डिमॅजिओसारखा तारा गणवेशातही बराच काळ सैन्याच्या संघातून बेसबॉलच खेळला. सगळेच मोठे खेळाडू असे सुरक्षित राहिले असं नव्हे. बॉब फेलर युद्धनौकेवर तोफांपाशी होता. तरी हिशेब बोलका आहे. मोठ्या लीगमध्ये खेळलेले दोघेच त्या युद्धात लढताना मारले गेले. एल्मर गेडियन तिथे पाच सामने खेळला होता, हॅरी ओ'नील अवघा एक, आणि त्यातही त्याच्या हाती बॅट आलीच नाही. मायनर लीगच्या मृतांचा आकडा शंभराच्या वर जातो.

पिंडर पायदळात गेला. पहिल्या डिव्हिजनची सोळावी रेजिमेंट, काम संदेशवहनाचं. उत्तर आफ्रिका आणि सिसिली पाहून तो ओमाहावर आला होता. तिथे वायरलेसचं मोल बंदुकीहून कमी नव्हतं: कित्येक सेट समुद्रात बुडालेले, आणि सेट नसेल तर मागच्या नौकांना तोफा कुठे डागायच्या हे सांगणार कोण?

होडीतून उतरून काही पावलं जातो न जातो तोच त्याला गोळ्या लागल्या. जखम गंभीर होती, पण सेट किनाऱ्यावर पोचला. उपचार घ्यायला, आडोशाला बसायला त्याने नकार दिला आणि तो पुन्हा पाण्यात शिरला. एकदा नव्हे, तीनदा. त्या खेपांत त्याने पुष्कळ सामान बाहेर काढलं, त्यात चालू स्थितीतला आणखी एक सेटही होता. तिसऱ्या खेपेला मशीनगनच्या गोळ्या पायांत घुसल्या. तरीही तो किनाऱ्यावर संपर्क जोडून देण्याच्या कामाला हातभार लावत राहिला, आणि त्याच कामात असताना पुन्हा गोळी लागून गेला.

त्याच्या शौर्याचा हा तपशील मेडल ऑफ ऑनरच्या मानपत्रात नोंदलेला आहे. हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, आपल्या परमवीर चक्राच्या तोडीचा. पुढे जर्मनीतल्या त्सिर्नडॉर्फ इथल्या अमेरिकन छावणीला पिंडर बराक्स हे नाव मिळालं.

पदक जानेवारी १९४५ मध्ये जाहीर झालं. पिंडरचा भाऊ हॅरल्ड हा बॉम्बफेक्या विमानाचा वैमानिक. वर्षभरापूर्वी त्याचं विमान पाडलं गेलं होतं आणि त्या वेळी तो अजून जर्मनांच्या कैदेत होता.