हलक्या हाताची दाढी

जुन्या जिलेट रेझरने पहिल्यांदा दाढी करणारा माणूस हमखास जोर लावतो. मग हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त येतं आणि बोल लागतो रेझरला. खरं तर दोष हाताला जडलेल्या सवयीचा. 1971 साली दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, 1977 साली मान हलवणारं डोकं आलं आणि कोन सांभाळायचं काम हाताकडून रेझरकडे गेलं. जुना रेझर ते काम परत तुमच्याच हातात देतो.

किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. वापरून टाकून द्यायच्या पात्याची कल्पना त्याला 1895 साली सुचली. इतक्या पातळ पोलादी पट्टीला टिकाऊ धार देता येईल, यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. ते जमवलं विल्यम निकरसन या अभियंत्याने; पण पात्याच्या वेष्टनावर छबी झळकली जिलेटची! 1903 साली अवघे 51 रेझर विकले गेले, पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर. गंमत म्हणजे याच गृहस्थाने 1894 साली स्पर्धेविना चालणाऱ्या एका आदर्श महानगरावर पुस्तक लिहिलं होतं.

रेझरची रचना साधी, पण हुशार. पातं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं पातळ, एरवी बोटांनी सहज वाकणारं. टोपी आणि तळपट्टी यांच्यात आवळलं की ते कमानीसारखं वाकतं आणि त्या वाकण्यातूनच ताठ होतं. दांडी नीट आवळलेली नसेल तर पातं थरथरतं आणि कातडी सोलवटते.

कोन शोधण्याची एक युक्ती आहे. टोपी गालावर सपाट टेकवा. दांडी गालापासून सरळ बाहेर येईल. आता ती हळूहळू खाली आणत छोटे हात मारा. एका जागी खुंट कापले जात असल्याची बारीक करकर ऐकू येते. पातं तिथे कातडीशी साधारण तीस अंशांत असतं. तोच कोन धरायचा. दांडी टोकाकडे पकडायची आणि रेझरला स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचं. जुने रेझर बहुधा पितळेचे, वर निकेलचा मुलामा दिलेले. त्यांना वजनाची ददात नसते. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. जबड्याच्या वळणावर मात्र प्रत्येक हाताला कोन नव्याने शोधावा लागतो, आणि बहुतेकांची दाढी फसते ती तिथेच.

केसांची दिशा आधी कोरड्या खुंटांवर बोट फिरवून पाहावी. गालावर ते खाली वाढतात, गळ्यावर मात्र कुठे आडवे, कुठे चक्क वर. कोमट पाणी आणि भरपूर फेस लावून पहिली फेरी केसांच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवी. तिसरी, उलटी फेरी ही निव्वळ हौस. गळ्यावर तर ती टाळलेलीच बरी. शेवटी गार पाणी आणि तुरटी.

संग्राहक जीव टाकतात तो जिलेटच्या 1958 सालच्या ‘फॅटबॉय’ रेझरवर. त्याच्या मानेवरची एक ते नऊ आकड्यांची चकती फिरवली की पातं कमी-जास्त उघडं पडतं. नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये. आकडे फिरवत बसण्यात हात शिकायचा राहून जातो. जिलेटचाच तीन सुट्या भागांचा साधा ‘टेक’ घ्यावा. रेझरच्या डोक्यात साचलेला साबण कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. मुलामा झिजवणारी पावडर लावू नये.

अमेरिकेत अशी दाढी ही हौस झाली असली, तरी आपल्याकडे दुधारी ब्लेड अजून रोजच्या वापरात आहे. टोपाझ आणि पनामा ही नावं घरोघरी ओळखीची. सलूनमध्ये हेच ब्लेड मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवतात.

वापरलेल्या पात्यांचं काय करायचं? जुन्या अमेरिकन घरांत न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटाला एक फट असे; पातं त्यातून थेट भिंतीच्या पोकळीत पडायचं. घर पाडताना तिथून आजही गंजलेल्या पात्यांचा ढीग निघतो. आपण झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा ठेवावा आणि भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर ठळक लिहून सफाई कामगाराच्या हातात वेगळा द्यावा.