सेंटर फिल्डरची गुणपत्रिका

मोतीबागेवर क्रिकेट पाहत वाढलेल्या बडोद्याच्या एका निवृत्त शल्यचिकित्सकाने आपल्या स्मरणिकेत बेसबॉलवर लिहावे, हे काहीसे विचित्र वाटेल. पण या खेळाने मला माझ्याच व्यवसायाविषयी असे काही दाखविले, जे शल्यशास्त्राच्या ग्रंथांतून मला उमगले नव्हते.

१९८१ साली मी अमेरिकेत ओहायो राज्यातील एका रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. त्या वर्षी १२ जूनला तेथील व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंनी संप पुकारला आणि ऐन मोसमात मैदाने ओस पडली. क्लीव्हलंड येथे १४ जुलैला व्हावयाचा निवडक खेळाडूंचा वार्षिक सामनाही लांबणीवर पडला. त्या दिवशी तेथील रिकाम्या स्टेडियममध्ये काही हौशी मंडळींनी तोच सामना कार्डे आणि फासे घेऊन खेळून दाखविला. त्या खेळाचे नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. तीच पेटी आमच्या ड्यूटी रूममध्येही होती.

हॅल रिचमन या न्यूयॉर्ककराने बालपणी स्वतःच्या करमणुकीसाठी रचलेला हा खेळ १९६१ पासून विक्रीस आला. प्रत्येक खेळाडूच्या मोसमातील आकडेवारीवरून त्याचे कार्ड बनते. तीन फासे टाकावयाचे. पहिल्यावरून फलंदाजाचे कार्ड पाहावयाचे की गोलंदाजाचे, आणि त्यातील कोणता रकाना, हे ठरते. उरलेल्या दोहोंच्या बेरजेवरून निकाल मिळतो. शाळेत आपण पुस्तक क्रिकेट खेळत असू, त्याचेच हे थोरले भावंड म्हणा. फरक इतकाच की पुस्तक क्रिकेटमध्ये गावसकर आणि चंद्रशेखर सारख्याच योग्यतेचे फलंदाज ठरत!

आम्हा आठ जणांनी तेव्हा सुरू केलेली लीग आजही संगणकावर चालू आहे. आठांपैकी तिघे उरलो आहोत. यंदा सर्व कालखंडांतील खेळाडू घ्यावयाचे ठरले आणि सर्वोत्तम सेंटर फिल्डर कोणते, याची क्रमवारी प्रत्येकाने लावावयाची होती.

बेसबॉलमध्ये दूरच्या मैदानात तीनच क्षेत्ररक्षक असतात. त्यांतील मधला तो सेंटर फिल्डर. सर्वांत मोठा प्रदेश त्याच्या वाट्याला येतो. न्यूयॉर्कच्या जुन्या पोलो ग्राउंड्स मैदानात समोरची भिंत ४८० फुटांहून अधिक दूर होती. २९ सप्टेंबर १९५४ रोजी, दोन्ही संघांच्या दोन-दोन धावा झालेल्या असताना, तेथे विली मेज याने फलंदाजाकडे पाठ करून धावत जाऊन खांद्यावरून येणारा चेंडू टिपला आणि गर्रकन वळून परतही फेकला. दोन धावा वाचल्या. धावफलकावर मात्र त्याची नोंद एक साधा झेल इतकीच.

येथेच खरी अडचण आहे. क्षेत्ररक्षकाची गुणवत्ता मोजण्याचे जुने माप होते ते त्याच्या चुकांचे प्रमाण. परंतु चूक त्याचीच धरली जाते, जो चेंडूपर्यंत पोहोचतो. जो पोहोचतच नाही त्याच्या नावावर चूक पडत नाही. फलंदाजाला फटक्याचे श्रेय मिळते आणि सारे पुढे सरकतात. रिचमनच्या खेळात मात्र क्षेत्ररक्षकाला दोन स्वतंत्र आकडे मिळू लागले: एक त्याच्या आवाक्याचा, १ ते ५ असा (१ म्हणजे सर्वोत्तम), आणि दुसरा चुकांचा. आवाका १ असलेला खेळाडू अधिक चुका करूनही संघाला जिंकून देतो, हे मी शेकडो फासे टाकून शिकलो.

मायदेशी परतल्यावर ज्या रुग्णालयात मी काम करीत होतो, तेथे एके वर्षी व्यवस्थापनाने प्रत्येक शल्यचिकित्सकाचा मृत्युदर काढून वाटला. सर्वांत वाईट आकडा माझा होता. आतडे फुटून दोन-तीन दिवस उलटलेले रुग्ण रात्री-अपरात्री येत आणि मी ते घेत असे. काही सहकारी त्यांना ‘मोठ्या ठिकाणी न्या’ असे सांगत. वाटेत रुग्ण दगावला तर तो कोणाच्याच खात्यावर पडत नसे. मी चिडलो, भांडलो. आणि मग, हे आज प्रथमच लिहितो आहे, मीही हात आखडता घेतला. एका पहाटे आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी तपासले आणि पुढे पाठविले. त्याचे काय झाले, हे मला कळले नाही. त्या वर्षी माझा मृत्युदर उत्तम होता.

उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. फिलाडेल्फियाच्या रिची ॲशबर्नने एका मोसमात ५०० हून अधिक झेल घेण्याचा पराक्रम चारदा केला. मग तो मेजहून सरस म्हणावा काय? त्याच्या संघातील रॉबिन रॉबर्ट्ससारख्या गोलंदाजांना फलंदाज चेंडू उंच मारीत, म्हणून संधीच अधिक. आपल्या एकनाथ सोलकरचे २७ कसोटींत ५३ झेल पाहतानाही बेदी-प्रसन्नांना वगळता येत नाही. केवळ संख्येवरून डॉक्टरही मोजू नये आणि क्षेत्ररक्षकही.

आता माझा क्रम. मेज पहिला, यात मला संदेह नाही. ६६० होम रन आणि बारा गोल्ड ग्लोव्ह. तेही हा पुरस्कार १९५७ साली सुरू झाला आणि १९५२-५३ चा बहुतेक काळ त्याचा सैन्यात गेला, हे धरून. एकाच मोसमाचे कार्ड घ्यावयाचे असते, तर मी मिकी मँटलचे १९५६ चे उचलले असते: सरासरी .३५३, होम रन ५२. परंतु मँटल म्हणजे चालताबोलता अस्थिविभाग होता. शाळकरी वयात नडगीला झालेला अस्थिमज्जादाह पेनिसिलिनमुळे आटोक्यात आला, अन्यथा पाय गेला असता. पुढे ५ ऑक्टोबर १९५१ रोजी, मेजनेच मारलेल्या चेंडूमागे धावताना, सेंटरला असलेल्या जो डिमॅजिओला वाट देण्यासाठी तो थबकला आणि त्याचा बूट पाण्याच्या निचऱ्याच्या झाकणात अडकला. गुडघा कायमचा गेला. तिघेही माझ्या यादीत आणि तिघेही त्या एका चेंडूत! दीर्घ कारकिर्दीसाठी मँटल तिसरा. टाय कॉब चौथा, ट्रिस स्पीकर पाचवा. दूरच्या मैदानातून फेक करून ४४९ जणांना बाद करण्यात वाटा उचलण्याचा स्पीकरचा विक्रम अद्याप अबाधित आहे. डिमॅजिओ सहावा, यावरून मला बोलणी खावी लागली.

दुसरा क्रमांक ऑस्कर चार्ल्सटनचा. १८९६ साली इंडियानापोलिसला जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू वर्णभेदामुळे मुख्य लीगमध्ये कधीच खेळू शकला नाही. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतील विखुरलेले धावफलक संशोधकांनी जुळविले. स्ट्रॅट-ओ-मॅटिकने २००९ मध्ये त्या खेळाडूंची कार्डे काढली. मे २०२४ मध्ये मुख्य लीगच्या अधिकृत नोंदींत त्या आकड्यांचा समावेश झाला, तेव्हा चार्ल्सटन .३६३ या सरासरीने सर्वकालीन यादीत जोश गिब्सन आणि कॉब यांच्या मागे तिसरा आला. तो १९५४ सालीच वारला होता. त्याची फलंदाजी अशी कागदावर आली, पण त्याचा आवाका? तो पाहणाऱ्यांच्या बोलण्यातूनच घ्यावा लागतो. ते सांगत की तो आतल्या मैदानाला लागून उभा राहत असे आणि तरीही डोक्यावरून जाणारे चेंडू मागे धावून पकडीत असे. मी त्याला १ दिला.

ओहायोतील माझ्या मित्राने चार्ल्सटनला पहिले आणि मेजला दुसरे स्थान दिले आहे. तिसऱ्याचे मत अद्याप आलेले नाही. त्याची डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते, त्यामुळे आम्ही घाई करीत नाही.