ओरखडाच तर आहे!

जूनची अखेर होती. पौडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसले होते. शेजारी एक बाई, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला केसपेपर आणि बाजूला सात-आठ वर्षांचा मुलगा. दंड धरून बसला होता. ‘‘सुई दिली का रे?’’ विचारलं तर त्याने मान फिरवली. आईच बोलायला लागली, ‘‘कुत्र्याचं पिल्लू आणलं हुतं रस्त्यावरनं. त्यानं वरबाडलं. दोन दिवस बोललाच नाय. मार बसंल आणि पिल्लू टाकून देतील म्हणून!’’

पिल्लू चौथ्या दिवशी मेलं. कशाने ते कुणाला ठाऊक? मुलाच्या पोटरीवर नुसता ओरखडा, रक्तसुद्धा नव्हतं. आजीने त्यावर तिखट भरलं होतं. अंगणवाडीच्या ताईंनी पाहिलं आणि या बाईला त्याच पावली दवाखान्यात धाडलं. आज तिसरी सुई. वाडीपासून पौडला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

मला माझं लहानपण आठवलं. तेव्हा कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं! त्या भीतीने आम्ही पोरं चावा लपवायचो. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस होती. आपल्या देशात ती २००४च्या अखेरीस बंद झाली. आता सुई दंडात. लहान बाळाला मांडीत. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. तरीही ‘चौदा इंजेक्शनं’ हा शब्द अजून घराघरात जिवंत आहे. मुलं घाबरतात, मोठीही टाळतात.

रेबीज एकदा अंगात उमटला की औषध नाही. घोटभर पाणी घ्यायला गेलं तरी घसा आवळतो, माणूस पाणी बघूनच थरथरतो. आणि हे लगेच होत नाही. बहुतेकदा एक ते तीन महिन्यांनी होतं, क्वचित वर्षानेही. जखम भरलेली असते, सगळे विसरलेले असतात. म्हणूनच ‘ओरखडाच तर आहे’ हे वाक्य घात करतं. रक्त न येता नुसतं खरचटलं तरी लस घ्यायचीच.

पहिलं काम मात्र दवाखान्यात नाही, आपल्या मोरीत होतं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे खरोखर घड्याळ लावून! कपडे धुवायची वडी चालते. तिखट, हळद, चुना काही नको. घट्ट पट्टी नको. मग तडक दवाखाना. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, कारण लशीचा जोर यायला आठवडाभर तरी लागतो. तोवर विषाणूला अडवायला जखमेत आणि तिच्या भोवती सीरम टोचतात. ते सगळीकडे मिळत नाही. माझ्या भाचीला कुत्रं चावलं तेव्हा आम्हाला तीन ठिकाणी फिरावं लागलं आणि पहिल्या ठिकाणी ‘लस दिली, जा घरी’ एवढंच सांगितलं. तेव्हा आपणच विचारायचं, ‘‘सीरमची गरज आहे का? कुठे मिळेल?’’

गरोदर आहे, बाळ अंगावर पितं, म्हणून बायका लस टाळतात. टाळू नका, दोन्ही वेळी ती चालते. पथ्यही काही नाही.

आणखी एक, आपल्याच गोठ्यातलं. म्हैस लाळ गाळायला लागली, चारा गिळेना, की घरची बाई बिनदिक्कत तिच्या तोंडात हात घालते, काही अडकलंय का बघायला. कुत्रं चावलेल्या म्हशीला रेबीज होतो आणि तेव्हाही अस्संच दिसतं. हात घालायच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने जातात, त्यात दहातली चार पंधरा वर्षांखालची मुलं. जवळजवळ सगळे मृत्यू आशिया-आफ्रिकेतल्या गरीब घरांत. आपल्या देशात, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाने, वर्षाला साधारण ५,७०० मृत्यू होतात. त्याच पाहणीत दिसलं की प्राणी चावलेल्या पाच जणांमागे एक जण एकही सुई घेत नाही आणि सुरू केलेल्यांपैकी बरेच जण ती अर्ध्यात सोडतात.

मग हे असंच चालायचं का? आपल्या शेजारच्या गोव्यात २०१४पासून सरकार आणि ‘मिशन रेबीज’ संस्थेने गावोगावी फिरून, जाळ्यांनी पकडून कुत्र्यांना लस टोचली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. शाळेत मुलांनाही शिकवलं. २०१७नंतरची काही वर्षं तिथे माणसाचा एकही रेबीज मृत्यू नोंदला गेला नाही. मेक्सिकोने हेच देशभर करून २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेची पावती मिळवली. कुत्री मारून कुठे रेबीज गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ग्रामसभेत कुत्र्यांचा विषय निघतो तेव्हा बायकांनी तिथे लशीचं विचारायला हवं. नसबंदीचंही.

सुयांच्या तारखांचं त्या बाईने मला छान सांगितलं. पहिली सुई सोमवारी, दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी आणि चौथी पहिलीपासून अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे पुन्हा सोमवारीच. (काही ठिकाणी स्नायूत देतात, तेव्हा चौदाव्या दिवशी एक जादा.) कॅलेंडरवर तिने कुंकवाचं बोट लावलंय म्हणे.

‘‘पण तवा लावणी आलेली असंल,’’ मी म्हटलं.

‘‘आलीच की. सासूबाई म्हनल्या, आता बरा हाय, कशाला खेपा?’’ एसटी आली तशी ती उठली, पोराचा हात धरला. ‘‘म्या सांगून टाकलंय त्यास्नी. त्या सोमवारी माझी पात दुसरी कोनतरी धरंल.’’